पदयात्रा, गर्भजीवनाचे रक्षण आणि आश्रयाचा प्रश्न : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जन्माला न आलेल्या जीवाचे रक्षण व्हावे या आग्रहासाठी ख्रिस्ती तरुण-तरुणींनी हजारो मैल पायी जाण्याची प्रथा १९९५ पासून अमेरिकेत रुजली. तिकडे या विचारसरणीला ‘प्रो-लाइफ’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘गर्भजीवनरक्षण’ हा शब्द योजला आहे. भारतातही १० ऑगस्ट २०२२ रोजी नवी दिल्ली येथे या हेतूने राष्ट्रीय पातळीवरील पदयात्रा निघाली. १९७१ साली याच तारखेस वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला होता आणि तारखेची निवड त्यामुळेच झाली होती. दिल्लीची ती यात्रा काही तासांची होती, दीर्घ पल्ल्याची नव्हे. तथापि अशा चळवळींचा प्रवास पाहता आज राजधानीत जे काही तास चालले, ते उद्या एखाद्या जिल्ह्यात काही दिवस चालू शकेल, असे मानण्यास जागा आहे.

अशा यात्रेचे स्वरूप काय असते, तीत सहभागी होणाऱ्याकडून काय अपेक्षिले जाते आणि महाराष्ट्राच्या भूमीवर ती आली तर तिची गाठ कोणत्या इतिहासाशी पडेल, हे समजावून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. गर्भपात योग्य की अयोग्य याचा निवाडा येथे करावयाचा नाही. चर्चची भूमिका निःसंदिग्ध आहे, देशाचा कायदा वेगळा आहे, आणि दोन्ही बाजूंनी विपुल लेखन झाले आहे. आपल्यासमोरचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे : चालणारा माणूस चालता चालता नेमके कोणाशी बोलत असतो?

विवेचनासाठी दिघी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरील, श्रीवर्धन तालुक्यातील हे बंदर. पलीकडे मुरूड तालुक्यातील आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. कोर्लई हे या किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्तीचे सर्वांत परिचित गाव कुंडलिकेच्या मुखाशी आहे. तेथे कार्मेल मातेचे चर्च आहे आणि पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली ‘नॉ लिंग’ ही बोली तेथील घरांत टिकून आहे. दिघीत मात्र तसे काही नाही. हे प्रामुख्याने मुस्लिम व कोळी समाजाचे गाव. ते निवडण्याचे कारणही हेच. स्वधर्मीयांच्या वस्तीतून निघणारी यात्रा मिरवणुकीसारखी सोपी असते. ऐकणारा परका असतो तेथे तिची कसोटी लागते.

अमेरिकेतील पदयात्रेचे स्वरूप

ऑगस्ट १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी डेन्व्हर येथील जागतिक युवा मेळाव्यात तरुणांना आपली श्रद्धा रस्त्यांवर आणि चौकांत घेऊन जाण्याचे आवाहन केले. ओहायो राज्यातील स्टूबेनव्हिल येथील फ्रान्सिस्कन विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी ते अक्षरशः घेतले आणि १९९५ साली ‘क्रॉसरोड्स’ या नावाने पश्चिम किनाऱ्यापासून वॉशिंग्टनपर्यंत चालत जाण्याचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी २५ मार्च रोजी गर्भजीवनरक्षणाची कॅथलिक भूमिका विस्ताराने मांडणारे पोपचे ‘इव्हान्जेलियुम व्हिते’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. पुढे सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा वेगवेगळ्या शहरांतून तुकड्या निघू लागल्या. कॅनडातही व्हँकूव्हर ते ओटावा असा मार्ग आखला गेला.

एवढे अंतर प्रत्येक जण सलग चालत नाही. उन्हाळी सुट्टीतील सुमारे बारा आठवड्यांत खंड ओलांडायचा असल्याने तुकडी पाळ्या लावते. काही जण चालतात, काही सोबतच्या वाहनात विश्रांती घेतात, आणि एकाने सोडलेल्या ठिकाणापासून दुसरा पुढे निघतो. अंगावर चळवळीचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेला सदरा असतो. वाटेत जपमाळेची प्रार्थना चालते, शनिवारी गर्भपात केंद्रासमोर प्रार्थना होते आणि रविवारी त्या त्या गावच्या चर्चमध्ये यात्रिक आपला हेतू सांगतात. भोजन आणि मुक्काम बहुधा तेथील भाविकांच्या घरी. अशा रीतीने सहभागी होणाऱ्या विद्यार्थ्याची सबंध सुट्टी जाते; नोकरी करून शिक्षणाचा खर्च भागविण्याची संधीही जाते. या त्यागामुळेच यात्रिकांच्या शब्दाला वजन येते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे.

परंतु या यात्रेचे लक्ष्य ठरलेले होते. २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ या निकालाने अमेरिकेत गर्भपात हा घटनात्मक अधिकार ठरला. पुढील वर्षापासून दर जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघू लागला आणि २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे चालणारा तरुण वाटेतील प्रत्येक गावाशी बोलत असला, तरी त्याचे अंतिम श्रोते राजधानीतील न्यायमूर्ती आणि लोकप्रतिनिधी होते. भारतात या रचनेचे जसेच्या तसे अनुकरण करता येणार नाही, कारण येथे कायद्याचा जन्मच निराळ्या कारणांतून झाला. तो भाग पुढे येईल.

चालण्याची मराठी रीत

आळंदीहून आणि देहूहून निघणारी वारी हा मराठी मनातील पदयात्रेचा मूळ नमुना. वारकरी ज्या गावातून जातो त्या गावाकडून तो मतांतराची अपेक्षा करीत नाही. गाव पाणी देते, पिठले-भाकरी देते, पायाला तेल लावते. त्याबदल्यात कोणी कोणाला पटवीत नाही. मराठी ख्रिस्ती समाजानेही हीच रीत आपलीशी केलेली दिसते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेस नगर-औरंगाबाद पट्ट्यातील (म्हणजे आजच्या अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील) भाविक पायी येतात. ‘मतमाउली’ हा शब्दच मराठी भक्तिपरंपरेतून आलेला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे म्हटले होते, त्याचे प्रत्यंतर हरेगावच्या रस्त्यावर येते.

दुसरी रीत मागणीची. तिची दोन मोठी उदाहरणे रायगड जिल्ह्याशी निगडित आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेसाठी जमलेले प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याकडे चालत गेले. अंतर जेमतेम, पण त्या चालण्याने एका समाजाच्या हक्काचा प्रश्न कायमचा ऐरणीवर आणला. दुसरे उदाहरण पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भाव्यांचे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. विनोबांनी भूमिहीनाला उपदेश केला नाही. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्यासमोर त्यांनी हात पसरला. भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी बरीच खडकाळ वा वादग्रस्त निघाली, ही टीका रास्तच आहे. तरीही मागणी कोणाकडे करावयाची याविषयी विनोबांचा गोंधळ नव्हता.

गर्भजीवनरक्षणाच्या यात्रेला हा प्रश्न टाळता येत नाही. जीव वाचवा असे ती म्हणते तेव्हा ज्याच्यापाशी काही आहे त्याच्याकडे ती मागते, की जिच्यापाशी काहीच उरलेले नाही तिच्याकडे?

दार उघडणारी माणसे

महाराष्ट्रात अजात आणि नवजात जीव वाचविण्याचा संघटित प्रयत्न १८६३ साली पुण्यात सुरू झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बालपणी विधवा झालेल्या, पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या आणि घरातल्याच वा नात्यातल्याच पुरुषाकडून फसविल्या गेलेल्या ब्राह्मण स्त्रियांपुढे त्या काळी गर्भ पाडणे, मूल मारणे वा स्वतः विहीर जवळ करणे एवढेच मार्ग असत. गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा येथेच ठेवावे, अशा आशयाची पत्रके फुल्यांनी शहरात लावली. यांपैकी काशीबाई नावाच्या स्त्रीचे मूल त्यांनी स्वतः दत्तक घेतले. तेच पुढे डॉ. यशवंत फुले झाले.

४ डिसेंबर १८८४ रोजी मलबारींच्या टिपणावर मत देताना फुल्यांनी या गृहाचा हिशेब सरकारपुढे ठेवला. तोवर सुमारे पस्तीस गर्भवती विधवा तेथे आल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती; उरलेली तीस दगावली, आणि त्याचे कारण फुल्यांनी असे दिले की गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधे घेतली असावीत त्यांची इजा मुलांना पोटातच झाली होती. पस्तिसांपैकी पाच. हा आकडा वाचून क्षणभर थांबावे लागते. आश्रयाचे दार उघडे होते, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच लाजेने आपले काम केलेले होते. गर्भाला मारणारी गोष्ट आईची निर्दयता नसून घराची अब्रू होती, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रवचनातून होणार नाही.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने ताराबाई शिंद्यांनी मांडला. १८८१ साली सुरतेजवळच्या विजयालक्ष्मी या विधवेस नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती नंतर सौम्य करण्यात आली) आणि वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सवाल केला तो त्या अर्भकाच्या बापाचा, जो खटल्यात कोठेच नव्हता.

पंढरपूरचे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिकच जवळ आहे. वारी जेथे पोहोचते त्याच क्षेत्री टाकून दिलेली अर्भके सापडत. तेथे न्यायखात्यात अधिकारी असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली अनाथ अर्भकांसाठी व निराश्रित मातांसाठी आश्रम निघाला. प्रार्थना समाजाच्या आधाराने तो वाढला आणि पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. लाखो पावलांचा प्रवास विठ्ठलाच्या पायाशी संपतो. त्याच गावात ज्यांना चालताही येत नव्हते अशा जीवांसाठी कोणीतरी पाळणा टांगून ठेवला होता.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत लांब चाललेली व्यक्ती मात्र पंडिता रमाबाई होय. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासोबत त्यांचे बालपण तीर्थयात्रेतच गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, आणि भावासह उपाशीपोटी मजल दरमजल करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात ठेवल्या. तेथेच ‘कृपासदन’ या नावाने, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती. रमाबाईंचे चालणे प्रचारासाठी नव्हते, तो प्रारब्धाचा भाग होता. परंतु उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुलीला काय लागते हे त्यांना पायांनी कळलेले होते.

कायदा आणि शब्दांची गुंतागुंत

१८६० च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरविला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कलम ८८ मध्ये कायम आहे. असुरक्षित गर्भपातांनी होणारे मातामृत्यू पाहून १९६४ साली केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. १९६६ च्या त्यांच्या अहवालातून १९७१ चा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, काही विशिष्ट वर्गांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे मत, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळाची अनुमती, अशी रचना आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला. येथील कायदा आरोग्याच्या वाटेने आला. त्यामुळे दिघीहून दिल्लीपर्यंत चालत जाऊन एखादा निकाल फिरवून घेण्याची कल्पना आपल्याकडे फारशी अर्थपूर्ण ठरत नाही. येथील यात्रेला गावातच बोलावे लागेल.

गावात बोलताना अडचण येते ती एका शब्दाची. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्रीसंघटना व डॉक्टरांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे घसरत गेले. बीड जिल्ह्यात ते ८०७ वर आले. त्यानंतर शासनाने ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतीभिंतीवर रंगविला. हेतू उत्तम होता. परंतु ‘हत्या’ या पदाने कायदेशीर गर्भपातही खुनाच्या पंक्तीत जाऊन बसला. औषधविक्रेते गर्भपाताच्या गोळ्या ठेवण्यास कचरू लागले, आणि अडलेली स्त्री पुन्हा वैदूकडे वळण्याचा धोका निर्माण झाला. म्हणूनच अनेक कार्यकर्ते आज ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द आग्रहाने वापरतात. लिंगनिवडीचा गुन्हा मुलगी नको म्हणणाऱ्या घराकडे बोट दाखवितो, हत्येचा आरोप मात्र आईवर येतो.

ख्रिस्ती यात्रिकाची भूमिका या दोहोंहून निराळी आहे. त्याच्या दृष्टीने लिंग कोणतेही असो, गर्भ हा जीवच. ही भूमिका मांडण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र बोर्ली पंचतनच्या रस्त्यावर त्याच्या फलकाकडे पाहणाऱ्या बाईला हे बारकावे दिसणार नाहीत. सोनोग्राफी केंद्राच्या दारावरील सूचना, आरोग्य सेविकेचे भित्तिपत्रक आणि यात्रेचा फलक हे तिला एकच वाटतील. त्या बाईचा गर्भ गेल्या वर्षी आपोआप पडलेला असू शकतो. तिसऱ्या मुलीनंतर सासूने तिला तालुक्याच्या गावी नेलेले असू शकते. मदर तेरेसांनी डिसेंबर १९७९ मध्ये नोबेल व्याख्यानात गर्भपातावर कठोर टीका केली, परंतु त्याच व्याख्यानात आपण दत्तकविधानाने त्याच्याशी लढतो हेही सांगितले. पहिला अर्धा भाग फलकावर सहज मावतो. दुसऱ्यासाठी घर लागते.

दिघीच्या धक्क्यावर

कोर्लईहून निघून नांदगाव, मुरूड करीत आगरदांड्यास यावे, तेथून जंगल जेटीने, म्हणजे वाहने नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडून दिघीस उतरावे आणि दिवेआगरकडे वळावे, असा मार्ग कोणासही सुचेल. धक्क्यावर बोटीची वाट पाहताना माणसे बोलतात. या किनाऱ्यावर संवादाची याहून चांगली जागा नाही. तेथे यात्रिकास जे प्रश्न विचारले जातील ते धर्मशास्त्राचे नसतील. नको असलेले मूल जन्माला घातले तर पुढे काय, हा पहिला. याचे उत्तर कायद्यात आहे : बालन्याय अधिनियम २०१५ नुसार आई बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते, आणि फेरविचारासाठी तिला साठ दिवस मिळतात. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १८१ हा स्त्रियांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी आणि बाई खाडीपलीकडे, हे अंतर कोण चालणार? बाळंतपणाचे ते चार-पाच महिने ती गावाच्या डोळ्यांआड कोठे राहील? तिच्या मोठ्या मुलांना कोण सांभाळील? यात्रेत सहभागी होणाऱ्याने निघण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे आपल्या धर्मग्रामातून, म्हणजे आपल्या चर्चच्या कुटुंबांतून, मिळविलेली असावीत. किती घरे एका अनोळखी बाईला ठेवून घेण्यास तयार आहेत, याची यादी त्याच्या पिशवीत असेल तर फलक हातात असण्याची गरज कदाचित पडणारही नाही.

दुसरी बाब वेळेची. १० ऑगस्ट ही तारीख दिल्लीत योग्य असेल. किनाऱ्यावर मात्र १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सरते आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पुन्हा समुद्रात जातात. मुंबईस वा आखातात नोकरीस असलेले पुरुष तर त्या सुमारास घरी नसतातच. त्या दिवशी दिघीतून जाणाऱ्या यात्रेला दारांत स्त्रियाच भेटतील, आणि जे काही सांगायचे ते पुन्हा त्यांनाच सांगितले जाईल. ताराबाईंनी ज्याचा सवाल केला त्या पुरुषाला गाठायचे तर यात्रा शिमग्याला काढावी, किंवा बंदीच्या दोन महिन्यांत, होड्या वर ओढलेल्या असताना आणि माणसे जाळी विणीत बसलेली असताना. पावसात चालावे लागेल, वारकरीही आषाढातच चालतात.